कडेची खुर्ची

१

मोठे सर पडताना सगळ्यांनी पाहिलं आणि हात कोणीच पुढे केला नाही. तेवढा वेळच मिळाला नाही, असं नंतर प्रत्येकाने स्वतःची समजूत घातली.

नव्या व्याख्यानगृहाला अजून रंगाचा वास होता. पायऱ्यापायऱ्यांनी वर चढत गेलेला हॉल सगळा रिकामा, फक्त सर्वांत खालची ओळ बसवलेली, तीही नमुन्यादाखल. निळ्या गादीच्या, एकाच लोखंडी पायावर उभ्या असलेल्या, माणूस उठला की आपोआप मिटणाऱ्या खुर्च्या, आणि त्यांच्यापुढे एक सलग लांब टेबल. विद्यार्थ्यांनी कशावर बसायचं हे ठरवायला विद्यापीठाने समिती नेमली होती. त्या समितीने इतके दिवस इतकं बसून काढलं होतं की सदस्यांच्याच कमरा धरल्या होत्या. अखेर निळी खुर्ची ठरली. मोठ्या सरांनी बसून पाहावं, मान डोलवावी आणि मग सही व्हावी, एवढंच उरलं होतं.

सर तत्त्वज्ञानाचे, निवृत्त, गुडघ्यांनी हैराण. समितीच्या अध्यक्ष होत्या तर्कशास्त्राच्या बाई, सरांच्याच विद्यार्थिनी. शिस्तीच्या कडक. विद्यार्थी त्यांना पाठीमागे 'उचलाबाई' म्हणत, कारण न आलेल्या मित्रासाठी बाकावर दप्तर टाकून जागा धरलेली त्यांना खपत नसे. दिसलं दप्तर की उचललं. हजर आहे त्याची जागा, हा त्यांचा कायदा.

"सर, तुम्ही कडेला बसा, पाय लांब करता येतील," बाईच म्हणाल्या होत्या.

सरांनी खुर्चीचा बाहेरचा हात धरला, त्यावर भार टाकून अंग सोडलं, आणि जमिनीला घट्ट बसलेली असायला हवी होती ती खुर्ची अख्खी वाटेच्या बाजूला कलंडली. सर खाली, खुर्ची वर. सरांच्या तोंडून "अगं" एवढाच शब्द निघाला, आणि तो बाईंकडे बघून निघाला.

खुब्याचं हाड मोडलं होतं. रुग्णवाहिका गेल्यावर कुलसचिवांनी खुर्ची उलटी करून पाहिली. पायाच्या पत्र्याला चारी कोपऱ्यांत भोकं होती आणि एकाही भोकात बोल्ट नव्हता.

"हा अपघात नाही," कुलसचिव म्हणाले. "कोणीतरी काढलेत."

२

कुलसचिवांना प्रकरणं आवडत नसत. प्रकरण दिसलं की त्यावर चटकन झाकण घालावं आणि जेवायला जावं, असा त्यांचा स्वभाव. झाकण त्यांना तयारच सापडलं होतं.

"खुर्च्या बसवल्या मिस्त्रीने. पाना मिस्त्रीकडे. आता आणखी काय शोधायचं? कंत्राटावरचा माणूस आहे, उद्यापासून येऊ नको म्हटलं की झालं."

"आणि त्याने केलं नसेल तर?" बाईंनी विचारलं.

"मग तुम्ही शोधा. मागे प्रयोगशाळेतला सूक्ष्मदर्शक तुम्हीच शोधून दिलात ना? उद्या संध्याकाळपर्यंत अहवाल द्या. नाहीतर मी मिस्त्रीचं नाव घालून मोकळा होतो."

बाईंनी होकार दिला तो हौसेने नाही. सरांचं ते "अगं" त्यांच्या कानातून जात नव्हतं. आपणच सरांना बोलावलं, आपणच कडेला बसवलं. आता ज्याने कोणी बोल्ट काढले त्याला शोधून काढलं की आपल्या मनावरचं ओझं थोडं तरी त्याच्या अंगावर जाईल, अशी त्यांची आशा होती. आशा फारशी चांगली नव्हती, हे त्यांना कळत होतं.

मिस्त्री हॉलच्या दाराशीच उभा होता. केस पांढरे, बोटं लाकडाच्या भुश्याने कायमची कोरडी पडलेली.

"मिस्त्री, बोल्ट तुम्ही घट्ट केले होते?"

"चारही. प्रत्येक खुर्चीचे. मी हलवून बघितल्याशिवाय उठत नाही, मॅडम."

"मग काढले कोणी?"

"ते मला काय ठाऊक."

"तुमचा पाना परवापासून कोणाच्या हातात गेला होता का? नीट आठवून सांगा. तुमच्या कामाचा प्रश्न आहे."

मिस्त्रीने खाली बघितलं. "कोणाच्या नाही. माझ्याकडेच होता."

बाईंनी आयुष्यभर तोंडी परीक्षा घेतल्या होत्या. खोटं बोलणारा माणूस स्वतःला वाचवणारं उत्तर शोधतो. हा तर स्वतःला अडकवणारं उत्तर देऊन गप्प बसला होता. त्याला माहीत असलेलं काहीतरी तो सांगत नव्हता, आणि त्यासाठी रोजीरोटी पणाला लावायला तयार होता.

त्या हॉलमध्ये परतल्या. सकाळी सगळ्यांनी बोल्ट जमिनीवर शोधले होते, गुडघ्यांवर बसून, टेबलाखाली वाकून. बाई कडेच्या जागेसमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी टेबलाकडे पाहिलं. पेन घरंगळू नये म्हणून टेबलाला एक लांब खाच होती. त्या खाचेत चारी बोल्ट एकापाठोपाठ निजवून ठेवलेले होते, प्रत्येकाचा वॉशर ज्याच्या त्याच्या गळ्यात.

३

घात करणारा माणूस बोल्ट खिशात घालतो, नाहीतर गटारात टाकतो. वॉशरसकट जपून ठेवतो तो परत लावणारा असतो. इथवर बाईंचा तर्क सरळ चालला. पण परत लावायचे होते, तर लावले का नाहीत?

खुर्च्यांचा एजंट भेटला उपाहारगृहात. त्याच्या कंपनीची प्लास्टिकची खुर्ची समितीने नाकारली होती आणि आदल्या संध्याकाळी तो हॉलकडे जाताना दिसला होता. बाई समोर येऊन बसल्याबरोबर त्याची पाचावर धारण बसली.

"मॅडम, गेलो होतो, नाही म्हणत नाही. दार उघडंच होतं, शिपाई कुलूप लावायला यायचा होता. म्हटलं, आपल्याला हरवणारी खुर्ची आहे तरी कशी, बसून बघावं. बसलो, आणि खोटं कशाला बोलू, चांगली आहे हो."

"कडेच्या खुर्चीवर बसलात?"

"नाही ना! कडेचीच बघायची होती, पण तिच्यावर स्वेटर टाकलेला होता. पिवळा, बारीक मापाचा. म्हटलं, कोणीतरी जागा धरलीय, येईल परत. म्हणून मी मधल्या खुर्चीवर बसलो."

"रिकाम्या हॉलमध्ये तुम्ही धरलेल्या जागेचा मान राखलात?"

"सवय असते, मॅडम. शाळेपासूनची."

पिवळा स्वेटर. बाईंनी तो सकाळपासून पाहिला होता. फळ्यापुढच्या प्रात्यक्षिकाच्या टेबलावर होता आणि कोणीच त्याचा मालक नव्हता. त्या तडक हॉलमध्ये गेल्या. स्वेटर तिथेच होता, बाह्या आत दुमडून, अर्ध्यात घालून, पुन्हा अर्ध्यात घातलेला. कोणीतरी टापटिपीचा माणूस, बाईंनी मनाशी नोंद केली.

आर्किटेक्ट तिथेच मोजपट्टी घेऊन फिरत होता. त्याला लाकडी बाक हवे होते, गोलाकार, एकसंध. निळी खुर्ची त्याला पसंत नव्हती आणि हे तो सांगायचं थांबत नसे.

"तुमच्या त्या निळ्या नवरीने पहिल्याच दिवशी माणूस पाडला," तो म्हणाला. मग स्वतःचीच जीभ चावली. "माफ करा. सर कसे आहेत?"

"शस्त्रक्रिया उद्या. तुम्ही सकाळी आलात तेव्हा हा स्वेटर कुठे होता?"

"इथेच, या टेबलावर. अशीच घडी घातलेला. तुम्ही खिडक्या उघडत होतात, फोनवर होतात."

होत्या खऱ्या. सकाळी कुलूप बाईंनीच काढलं होतं. आईला कोणाकडे ठेवायचं यावरून बहिणीशी फोनवर वाजलं होतं. बोलता बोलता त्यांनी हॉलभर फेऱ्या घातल्या, फळा पुसला, खडू लावले, खिडक्या उघडल्या. फोन ठेवला तेव्हा हॉल जागच्या जागी होता आणि बाईंचं डोकं मात्र ठिकाणावर नव्हतं. स्वेटर त्यांनी पाहिला होता तो टेबलावरच. निदान त्यांना आठवत होतं ते तसंच.

म्हणजे संध्याकाळी स्वेटर खुर्चीवर होता आणि सकाळी टेबलावर. बाई खुर्चीत टेकल्या, मधल्या. आता त्यांना चित्र दिसू लागलं. ज्याने बोल्ट काढले त्याने खुर्चीवर स्वेटर टाकला, तो कोणी बसू नये म्हणून. एजंटसारखा कोडगा माणूससुद्धा त्यामुळे बसला नाही. स्वेटर जागेवर राहिला असता तर सरांनाही कोणी तिथे बसवलं नसतं.

त्यांनी कुलसचिवांना फोन लावला आणि वर्गात सिद्धान्त मांडावा तशा ठणठणीत आवाजात सांगितलं, "बोल्ट काढणारा माणूस निष्काळजी असेल, पण त्याने इशारा ठेवला होता. तो इशारा कोणीतरी हलवला. साहेब, लिहून ठेवा. स्वेटर ज्याने उचलला, त्याने सरांना पाडलं."

४

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांना शस्त्रक्रियेसाठी आत नेलं आणि बाई रुग्णालयातून थेट हॉलमध्ये आल्या. सरांच्या मुलाने त्यांचे आभार मानले होते. "तुम्ही किती धावपळ करताय," असं तो म्हणाला. बाईंना जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

तिरपं ऊन फरशीवर पसरलं होतं आणि त्या उन्हात काल न दिसलेलं एक दिसलं. कडेच्या खुर्चीपासून खालच्या छोट्या दारापर्यंत दोन पुसट रेघा गेल्या होत्या, एकमेकींना सोडतही नाहीत आणि भेटतही नाहीत अशा. चाकांच्या. आधी त्यांना वाटलं, खुर्च्या आणल्या ती ढकलगाडी असेल. पण ढकलगाडी कोपऱ्यात उभीच होती आणि तिची चाकं या दोन रेघांच्या मधे आरामात मावत होती.

मग त्या खाली वाकल्या. टेबलाच्या खालच्या कडेला रंग खरवडला होता आणि तिथेच एक सुकलेला तांबूस ठिपका होता. बसलेल्या माणसाचा हात असतो त्या उंचीवर.

हॉलचं मोठं दार वर, पायऱ्यांच्या टोकाशी. चाकं असलेलं काहीही त्या दारातून उतरणार नाही. खालचं छोटं दार मात्र सपाट जमिनीवर उघडत होतं, आणि त्या दारापलीकडे एकच गोष्ट होती, ग्रंथालयाचा बोळ.

बाई तिथेच थांबल्या. ग्रंथपाल समितीवर होते. घसा खाकरल्याशिवाय वाक्य सुरू न करणारे, आणि सुरू केलेलं वाक्य कोणी तोडलं तर पुन्हा न जोडणारे गृहस्थ. साऱ्या सभांमध्ये त्यांनी एकच सूचना केली होती. कडेची एक खुर्ची काढता येईल अशी ठेवता येईल का?

त्या दिवशी उशीर झाला होता. आर्किटेक्ट आणि कुलसचिव गादीच्या रंगावरून हातघाईवर आले होते. बाईंनी घड्याळाकडे बघून म्हटलं होतं, "आज तो विषय नाही. नंतर बघू." ग्रंथपाल "बरं" म्हणाले होते. का काढायची, हे बाईंनी विचारलं नव्हतं. त्यांनीच नव्हे, कोणीच नाही.

आणि काल सकाळी सर पडले तेव्हा ग्रंथपाल कुठे होते? बाईंनी डोळे मिटून ओळीने सगळ्यांचे चेहरे आठवले. ग्रंथपाल ओळीत नव्हते. ते त्या खालच्या छोट्या दारात उभे होते, आणि त्यांचं तोंड उघडं होतं.

५

ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत पुस्तकांना डिंकाने पाठी चिकटवत ग्रंथपाल बसले होते. बाईंच्या हातातला पिवळा स्वेटर पाहिला आणि ते उठून उभे राहिले. घसासुद्धा खाकरला नाही.

"माझ्या मुलीचा आहे."

"ती चाकाच्या खुर्चीवर असते?"

"लहानपणापासून. यंदा इथे प्रवेश मिळालाय तिला. तुमच्याच विभागात, मॅडम. तर्कशास्त्र घेतलंय."

बाई समोरच्या स्टुलावर बसल्या.

"कडेची खुर्ची काढली तर तिची गाडी तिथे बसते का, टेबल तिला पुरतं का, एवढंच बघायचं होतं," ग्रंथपाल सांगू लागले. "आधी खात्री करावी आणि मग समितीपुढे पुन्हा शब्द टाकावा, असं म्हटलं. मागच्या वेळी मला नीट मांडता आलं नव्हतं."

"तुम्ही मांडत होतात. मी मांडू दिलं नाही."

ग्रंथपालांनी डिंकाच्या बाटलीला झाकण लावलं. नाही म्हटलं असतं तर बाईंना बरं वाटलं असतं.

"मिस्त्रीकडून पाना मागून घेतला. आधी कोणाला कळू देऊ नका म्हटलं, तो हो म्हणाला. संध्याकाळी मुलीला आणलं. बोल्ट काढले, खुर्ची सरकवली, आणि गाडी बसली हो, मॅडम! बरोब्बर बसली. तिने टेबलावर वही ठेवून लिहून पाहिलं. शाळेत ती सगळी वर्षं दाराजवळ बसली, मांडीवर पाटी घेऊन. इतकी हसत होती. मग गाडी मागे घेताना तिचं बोट टेबलाच्या कडेखाली सापडलं, रक्ताची धार लागली, माझ्या तोंडचं पाणी पळालं. खुर्ची घाईघाईने जागेवर ढकलली. बोल्ट लावत बसायला धीर नव्हता. निघताना तीच म्हणाली, बाबा, माझा स्वेटर टाका तिच्यावर, म्हणजे कोणी बसणार नाही. आणि म्हणाली, माझीच जागा आहे ना ती, धरून ठेवू या."

"सकाळी लवकर येऊन बोल्ट लावणार होतात."

"निघालोच होतो. तिला ताप भरला. डॉक्टरांना फोन, औषध, यात उशीर झाला. धावत छोट्या दाराशी आलो तर तुम्ही सगळे जमलेले. स्वेटर टेबलावर. आणि सर बसायला वाकलेले. मॅडम, मला ओरडता आलं असतं. तेवढा वेळ होता. पण ओरडलो असतो तर सगळ्यांनी विचारलं असतं, कसं माहीत? आणि मुलीचा प्रवेश... त्या एका क्षणात मी तो विचार केला. विचार पूर्ण झाला तेव्हा सर खाली होते."

बाहेर कोणीतरी पुस्तकांची गाडी ढकलत गेलं.

"आणि मिस्त्री?" बाईंनी विचारलं.

"काल त्याच्याकडे गेलो, म्हटलं मी सांगून टाकतो. तो म्हणाला, थोडं थांबा, मॅडम शोधतायत, कदाचित कोणाच्याच अंगावर येणार नाही. मी थांबलो. मला थांबायचंच होतं."

"एक राहिलं," बाई म्हणाल्या. आता त्या पुन्हा तपास करणाऱ्या बाई होत्या, आणि ते त्यांना सोयीचं वाटत होतं. "हा स्वेटर खुर्चीवरून काढून टेबलावर घडी घालून कोणी ठेवला? संध्याकाळी एजंटने तो खुर्चीवर पाहिला. मग शिपायाने कुलूप लावलं. तुम्ही त्या छोट्या दाराने पुन्हा आत गेला होतात?"

"नाही. आणि मी घडी घातलीच नव्हती. असा पसरून टाकला होता." ग्रंथपालांनी स्वेटर घेतला, झटकून उलगडला आणि रिकाम्या स्टुलावर टाकून दाखवला. दोन्ही बाह्या खाली लोंबत राहिल्या.

"मग सकाळी आर्किटेक्टच्या आधी कोणीतरी आत गेलं. त्या छोट्या दाराची किल्ली आणखी कोणाकडे असते?" बाईंनी बोलता बोलता तो स्वेटर उचलला. "कारण मोठ्या दाराचं कुलूप तर मीच काढलं, आणि माझ्याआधी हॉलमध्ये..."

ग्रंथपाल त्यांच्या हातांकडे बघत होते. बाईंनीही खाली पाहिलं.

बाह्या आत गेल्या होत्या. स्वेटर अर्ध्यात आला होता. हात तो पुन्हा अर्ध्यात घालत होते, आपले आपण, कोणाला न विचारता.

६

मग सगळं आठवलं, एकदम आणि पुरेपूर. कानाशी बहिणीचा आवाज, आई तुझ्याकडे का नको, आणि समोर रिकाम्या हॉलमध्ये कोणीतरी धरून ठेवलेली एकच जागा. आपला आलेला राग. बहिणीवरचा राग त्या स्वेटरवर निघाला होता. उचलला, दुमडला, टेबलावर ठेवला, आणि खिडकीकडे वळल्या. वर्षानुवर्षं इतक्या वेळा केलेलं काम की ते केल्याची खूणसुद्धा मनावर उमटली नव्हती.

हजर नाही त्याची जागा नाही. ती मुलगी हजर कशी राहणार होती? तिला हजर राहता येईल का, एवढंच तर तिचा बाप बघत होता.

कुलसचिवांच्या खोलीत बाईंनी अहवाल टेबलावर ठेवला तेव्हा अजून दुपार सरली नव्हती. कुलसचिवांनी तो वाचला, चष्मा काढला, पुन्हा घातला.

"हे काय लिहिलंय? इशारा हलवणारी व्यक्ती, समितीच्या अध्यक्ष?"

"तुम्हाला मी कालच सांगितलं होतं. स्वेटर ज्याने उचलला त्याने सरांना पाडलं. सिद्धान्त बरोबर होता. माणूस तेवढा ठाऊक नव्हता."

"अहो, पण चुकून झालं ते. बोल्ट काढणारा वेगळा, पाना देणारा वेगळा. तुम्ही कशाला मधे पडता? त्या मिस्त्रीने पाना दिला हे तर खरं आहे ना? त्याच्यावर भागवू की."

"नाही भागणार. पाना दिल्याने कोणी पडत नाही. ग्रंथपालांनी बोल्ट लावले नाहीत, आणि बघत असून ओरडले नाहीत, ते त्यांनी स्वतः लिहून दिलंय. मी त्यांचा प्रश्न सभेत ऐकून घेतला नाही आणि काल त्यांच्या मुलीची जागा मोकळी केली. त्या मोकळ्या जागेवर माझ्या हाताने सरांना बसवलं. एवढंच आहे. मिस्त्रीचं नाव यात कुठेच घालायचं नाही."

"समिती सोडावी लागेल तुम्हाला. चौकशीही होईल."

"होऊ दे."

बाहेर पडल्यावर सुटल्यासारखं वाटेल असं त्यांना वाटलं होतं. तसं काही वाटलं नाही. शस्त्रक्रिया नीट झाल्याचा निरोप आला होता, सर शुद्धीवर येत होते, आणि त्यांना सांगायचं अजून बाकी होतं. पण आधी मिस्त्री.

कार्यशाळेत मिस्त्री आपली हत्यारं एकेक करून पिशवीत भरत होता. उद्यापासून यायचं नाही, हे त्याला सकाळीच कोणीतरी घाईने कळवलं होतं. बाईंनी त्याला सगळं सांगितलं, आडपडदा न ठेवता. काम जात नाही, हेही सांगितलं. मिस्त्रीने ऐकून घेतलं, "बरं झालं," म्हणाला, आणि रंधा पिशवीत ठेवला.

"आता कशाला भरताय? उद्या यायचंय तुम्हाला."

"मॅडम, एक मागू का? घरी याल?"

"मी?"

"बायको कालपासून बोलत नाही. तिने एकदाच विचारलं, बोल्ट विसरलात का हो? मी म्हटलं, पाना माझ्याकडेच होता. पुढे तिने विचारलं नाही. आता मी सुटलो असं मीच सांगितलं तर तिला वाटेल, काहीतरी जुळवून आलाय."

"तिलासुद्धा खरं सांगितलं नाहीत?"

"मुलीच्या बापाला शब्द दिला होता ना," मिस्त्री म्हणाला. त्यात त्याला विशेष काही केल्यासारखं वाटत नव्हतं.

त्याचं घर एका दुमजली इमारतीच्या मागच्या अंगाला होतं. खिडकीशी शिलाई मशीन, मशीनवर त्याची बायको. नवऱ्यामागून विद्यापीठातल्या बाई आत आलेल्या पाहून तिचा चेहरा पांढरा पडला. आणखी काय वाढून ठेवलंय, हेच तिच्या मनात आलं असणार.

"बसा ना," ती म्हणाली.

"नको. उभ्यानेच सांगते," बाई म्हणाल्या. "तुमच्या यजमानांनी चारही बोल्ट घट्ट लावले होते. ते दुसऱ्याने काढले, चांगल्या कामासाठी. त्या खुर्चीवर कोणी बसू नये म्हणून खूण ठेवली होती, ती मी काढली. सर पडले ते माझ्यामुळे. यांना सगळं माहीत असून हे गप्प राहिले, एका मुलीसाठी. त्यांची काही चूक नाही."

मशीनच्या चाकावरचा तिचा हात तसाच राहिला. "म्हणजे हे काहीच विसरले नव्हते?"

"काहीच नाही."

ती नवऱ्याकडे वळली. "मी काल तुमच्याबरोबर जेवले नाही."

"झाकून ठेवलं होतंस की."

"गार होतं ते. मी मुद्दाम गरम केलं नव्हतं." मग ती बाईंना म्हणाली, आवाज न चढवता, "तुम्ही इथवर आलात ते चांगलं केलंत. पण इतकी वर्षं झाली आमच्या लग्नाला, आणि काल मी त्यांच्याकडे कशी बघत होते, ते तुम्हाला नाही माहीत. त्यांना माहीत आहे."

क्षमा मागावी म्हटलं तर कशाची, आणि कोणाकोणाची? त्या दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या.

मिस्त्रीने खांद्यावरची पिशवी भिंतीशी ठेवली. "मॅडम किती लांबून आल्यात," तो बायकोला म्हणाला. "पाणी तरी दे."

ती उठली, आत गेली, पेला भरून घेऊन आली. बाईंनी हात पुढे केला होता. तिने पेला आधी नवऱ्याच्या हातात दिला, आणि त्याचं पिऊन होईपर्यंत ती तिथेच उभी राहिली.